बासी ईद

आमच्याकडे ईदच्या दुसऱ्या दिवसाला ‘बासी ईद’ म्हणतात. बासी म्हणजे शिळी. लहानपणी मला हा शब्द फार आवडायचा, कारण त्या दिवशी उरलेला शीरखुर्मा थंड आणि घट्ट होऊन वाटीत यायचा. थंड शीरखुर्मा गरमपेक्षा चांगला लागतो, हे माझे मत आजही बदललेले नाही. लग्न होऊन बिबवेवाडीत आले तेव्हा या शब्दाचा दुसरा अर्थ कळला. ईदची सरकारी सुट्टी एकच दिवसाची. बासी ईदला माझी शाळा असते, जावेची बँक असते, मुलांचे वर्ग असतात. आणि सिंकमध्ये तळाला दूध लागलेले पातेले, हॉलमध्ये बिर्याणीच्या मसाल्याचा डाग पडलेली चादर, सोफ्याच्या फटीत खजुराच्या बिया असतात.

सणाच्या आधीच्या सफाईला सगळ्या जगात मान आहे. आपल्या शेजारी दिवाळीच्या आधी डबे घासतात, जाळ्या काढतात. आपण शाबान संपत आला की पडदे धुवायला काढतो. इराणमध्ये नवरोजच्या आधी अख्खे घर झटकतात, तुर्कस्तानात ईदच्या आधीच्या सफाईला खास नावच आहे. सणानंतरच्या सफाईला मात्र कुठे नाव ऐकले नाही. कारण उघड आहे. आधीची सफाई पाहुणे पाहतात. नंतरची कुणी पाहत नाही.

आमच्या कुटुंबात तीन भाऊ, दोन बहिणी, त्यांची मुले आणि आता दोन नातसुना मिळून अठ्ठावीस माणसे होतात. ईदला सगळे अम्मींकडे, म्हणजे आमच्याकडे जमतात. अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. पुरुष मंडळी गोळीबार मैदानावरच्या ईदगाहची नमाज पढून दहाच्या सुमारास येतात, तेव्हापासून रात्री इशाच्या नमाजीपर्यंत घराचे दार लागत नाही. मधल्या वेळात शेजारच्या जोशीकाकू येतात, खालच्या मजल्यावरचे मारवाडी कुटुंब येते, मार्केट यार्डात यजमानांच्या गाळ्याशेजारी असणारे व्यापारी येतात. बिबवेवाडीत अशीच मिश्र वस्ती आहे, आणि शीरखुर्म्याच्या वाट्या कधीच पुरत नाहीत.

तीस वर्षे या दिवसाचा शेवट अम्मींनी एकटीने केला. पाहुणे गेले की त्या पदर खोचून मोरीत पाटावर बसायच्या आणि उठायच्या तेव्हा सगळी भांडी पालथी घातलेली असायची. जूठी भांडी ठेवून झोपायचे नाही हा त्यांचा नियम. आम्ही सुना आल्यावर मदतीला हात वाढले, पण नियम तोच राहिला. मग अम्मींच्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली. त्यानंतरच्या पहिल्या ईदला मी आणि माझी जाऊ रात्री दीडपर्यंत भांडी घासत होतो. अम्मी खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या दारात बसल्या होत्या आणि दर पाच मिनिटांनी म्हणत होत्या, “छोड दो, कल मैं देख लेती.” त्यांना देखील माहीत होते की त्यांना जमणार नाही. सकाळी जाऊ बँकेत गेली ती पाठीला पट्टा बांधून.

पुढच्या रमजानमध्ये एका इफ्तारला विषय निघाला. धाकट्या दिरांनी सुचवले, यंदा ईदचे जेवण कोंढव्यातल्या एखाद्या हॉटेलात करू. कुणालाच त्रास नको. बोलणे मनापासून होते, त्यात टोमणा नव्हता. मोठ्या नणंदेनेही मान हलवली. “वहिनींवर किती भार टाकायचा,” म्हणाली. अम्मी एवढेच बोलल्या, “जैसा तुम लोगां को ठीक लगे,” आणि तसबीह घेऊन आतल्या खोलीत गेल्या. खोलीत सगळे गप्प झाले. अब्बांच्या माघारी या अठ्ठावीस माणसांना एकत्र आणणारी ही एकच गोष्ट उरली आहे. हॉटेलात दीड तासाची वेळ मिळते. तिथे जोशीकाकू येणार नाहीत, मुले दुपारी पंख्याखाली आडवी होणार नाहीत, दोन भावांचे वर्षभराचे रुसवे संध्याकाळच्या चहाला निघणार नाहीत. दोन-तीन वर्षे हॉटेल, मग ‘ज्याची त्याची ईद ज्याच्या त्याच्या घरी’. ओळखीच्या तीन घरांत हे असेच घडताना मी पाहिले आहे. तिथे भांडण झाले नव्हते, वाटणी झाली नव्हती. पसारा झाला होता.

मला त्या रात्री एक गोष्ट लक्षात आली. स्वयंपाकाची तक्रार आमच्यापैकी कुणीही केलेली नव्हती. चाँदरातीला रात्रभर जागून सुकामेवा कापतो, पहाटे दूध आटवतो, त्याचा कंटाळा येत नाही, कारण स्वयंपाकाचे कौतुक होते. घासलेल्या पातेल्याचे कौतुक आजवर कुणी केल्याचे मला आठवत नाही. तेव्हा जड होते ते जेवण नव्हे, जेवणानंतरचे. मग मी मास्तरणीच्या सवयीने एक कागद घेतला आणि जेवणानंतरची कामे लिहून काढली. एकोणीस झाली. दस्तरखान उचलणे, हाडे वेगळी करणे, उरलेले अन्न डब्यांत भरणे, वाट्या, पेले, ताटे, पातेली, देग, ओटा, फरशी, बाथरूम, चादरी भिजवणे, कचरा बांधणे, लोड-तक्के परत माळ्यावर टाकणे, आणलेल्या खुर्च्या पोचवणे, असे सगळे. समोर रिकामी जागा ठेवली आणि कागद फ्रिजवर चिकटवला. अटी दोन. काम घरी निघण्याच्या आधी करायचे, आणि नवऱ्याचे काम बायकोने करायचे नाही.

मुलांनी पटापट नावे लिहिली. त्यांना तो खेळ वाटला. दिरांनी दोन दिवस विचार करून खुर्च्या आणि तक्के घेतले. वजनदार आणि कोरडी कामे पुरुषांना चालतात. ओल्या कामाला हात लावायचा म्हटले की माघार. पेल्यांसमोर मात्र नाव आले ते धाकट्या नंदोईंचे, स्वतःच्या अक्षरात. अम्मींनी चष्मा लावून तो कागद वाचला आणि मला हाक मारली. “दामाद से बर्तन धुलाते क्या कोई?”

हा प्रश्न साधा नाही. आपल्या घरांत जावयाने पाण्याचा पेला स्वतः उचलून घेतला तरी सासरच्यांना कानकोंडे होते. अम्मींच्या दृष्टीने मी त्यांच्या घराची अब्रू पणाला लावली होती. मी वाद घातला नाही. त्या रोज फज्रनंतर कुरआन शरीफचा तर्जुमा वाचतात, तिथेच बोट ठेवले. सूरह अहजाबच्या 53 व्या आयतीत प्रेषितांच्या घरी जेवायला येणाऱ्यांना अदब शिकवली आहे: बोलावले की या, जेवण झाले की निघा, गप्पा मारत रेंगाळू नका; प्रेषितांना त्याचा त्रास होतो आणि ते संकोचाने बोलत नाहीत. आयतीचा संदर्भ त्या घराचा, पण यजमानाच्या संकोचाची दखल स्वतः अल्लाहने घेतली, ही गोष्ट मला नेहमी थक्क करते. घरातली बाई संकोचाने काय काय बोलत नाही, याचा हिशेब कोण ठेवतो?

आणि हजरत आयेशा (रजि.) यांना कुणी विचारले की प्रेषित (स.) घरी असत तेव्हा काय करत, तर त्यांनी सांगितले की घरच्यांच्या कामात असत, आणि नमाजची वेळ झाली की नमाजला निघत. सहीह बुखारीतली ही हदीस आपल्या मुलांनी ऐकलेली नसते असे नाही. ऐकलेली असते, इज्तेमाच्या बयानात. घरी ती कुणी वापरात आणत नाही.

तसबीह-ए-फातिमाचेही तेच. तेहतीस, तेहतीस, चौतीस आपण सगळ्या रोज पढतो. पण ती हकीकत सुरू होते ती जात्याने सोललेल्या हातांपासून. हजरत फातिमा (रजि.) दळून दळून थकल्या होत्या आणि वडिलांकडे मदतीला माणूस मागायला गेल्या होत्या. रात्री प्रेषित (स.) त्यांच्या घरी आले आणि ही तसबीह शिकवली, ती एकट्या फातिमांना नव्हे, हजरत अली (रजि.) यांनाही. हदीस सांगणारे अलीच आहेत, आणि त्यानंतर आपण ती कधी सोडली नाही असे ते सांगतात. आम्ही शाळेत, घरी, ही हकीकत मुलींना सांगतो, ‘थकलात तर तसबीह पढा’ म्हणून. मुलांना का सांगत नाही, हे मला कोडेच आहे.

अम्मींनी तर्जुमा मिटला. होकार दिला नाही, पण कागदही फाडला नाही.

त्या ईदला साडेचार वाजता नंदोई शर्टाच्या बाह्या दुमडून सिंकपाशी उभे राहिले. अम्मींनी तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते, समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी आहे. पेले साठ-सत्तर झाले असतील. त्यांनी ते धुतले, पुसले, ट्रेमध्ये लावले. दीर तक्के माळ्यावर टाकताना खाली पाडत होते. भाचरांनी फरशीवर इतके पाणी ओतले की ती पुसायला आणखी दोघे लागले. एकूण चाळीस मिनिटे गेली. इशाला घर मोकळे झाले तेव्हा मोरीत फक्त देग होती. रात्री पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात दिवा होता. अम्मी सिंकपाशी उंच स्टुलावर बसून जावयाने धुतलेले पेले पुन्हा एकदा विसळत होत्या. मी तशीच मागे फिरले.

आता देगेबद्दल थोडे. ती तांब्याची आहे, अम्मींच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी तांबट आळीतून घेतलेली. दर रमजानच्या आधी तिला कल्हई होते. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर. तो गेला आणि आत आंबट शिजवले तर तांबे अन्नात उतरते. अशा भांड्याला तारेची घासणी लावायची नाही. कोमट पाणी घालून ठेवायचे, लाकडी उलथन्याने सुटेल तेवढे सोडवायचे, मग नारळाच्या शेंडीने घासायचे. स्टीलच्या पातेल्याला दूध लागले असेल तर तळ बुडेल इतके पाणी, दोन चमचे खाण्याचा सोडा, दहा मिनिटे उकळी, आणि मग ते तसेच निवू द्या. खरपुडी सालीसारखी सुटते. ॲल्युमिनियमला सोडा नको, काळे पडते.

डागांचे एक सांगते, कारण चादरी दरवर्षी त्यानेच जातात. बिर्याणीच्या मसाल्याचा डाग साबण लावला की लालभडक होतो आणि घाबरून आपण तो आणखी घासतो. तो रंग हळदीचा आहे. सातवी-आठवीत आम्ही मुलांना हळदीचा कागद करून दाखवतो, साबणाचे पाणी लागले की तो लाल होतो, तेच इथे घडते. साबणाने तेलकटपणा काढायचा, स्वच्छ धुवायचे आणि कडक उन्हात घालायचे. उरलेला पिवळेपणा दोन-तीन दिवसांच्या उन्हात उडतो. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हाचा तेवढा तरी उपयोग करून घ्यावा.

उरलेल्या अन्नाबाबत माझे मत जरा कडक आहे. बिर्याणी देगेत झाकून सकाळपर्यंत ठेवणे आरोग्याला वाईट. भात उन्हाळ्यात दोन तासांवर बाहेर राहू नये. उथळ डब्यांत काढून, वाफ गेली की लगेच फ्रिजमध्ये. आणि द्यायचे असेल ते त्याच संध्याकाळी द्यावे, गरम असताना, चांगल्या डब्यात. बासी ईदला सकाळी कामवाल्या मावशींपुढे कालचे पातेले ठेवून ‘घेऊन जा, वाया जाईल’ म्हणणे म्हणजे आपला फ्रिज रिकामा करणे आहे. त्याला सदका म्हणू नये. जे आपल्याला आवडते त्यातून खर्च केल्याशिवाय नेकी मिळत नाही, असे कुरआन सांगतो. कालचे उरलेले कुणाला आवडते? (थंड शीरखुर्म्याचा अपवाद मी वर सांगितला आहे, तो मी कुणाला देत नाही.)

आणि कुणी सिंकमध्ये तूप ओतू नका. रश्श्यावरचे तेल, तूप, चरबी पाइपात जाऊन थिजते आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या मोरीतून वर येते. आमच्या इमारतीत एका ईदनंतर हे झाले होते आणि त्यावरून जे बोलले गेले ते ईदचे चार दिवस पुरले. पातेले थंड झाले की थिजलेले तूप वर्तमानपत्राने पुसून काढायचे, मग पाणी. त्यातून बासी ईद गुरुवारी आली तर विचारूच नका. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचा वार गुरुवार. आम्ही तेव्हा आदल्या दिवशीच पिंप भरून ठेवतो.

घर आवरण्याची गोष्ट इथे संपली असती. पण आवरलेल्या घरातून काहीतरी बाहेर जाते आणि ते कुणाच्या तरी हातात पडते.

हल्ली बाजारात पातळ प्लास्टिकच्या दस्तरखानाची गुंडाळी मिळते. अंथरायची, सगळे जेवले की चार कोपरे उचलायचे आणि हाडे, भात, रायते, कागदी पेले, नॅपकिन यांसकट गाठ मारून दाराबाहेर ठेवायचे. अकीका असो, मंगनी असो, मिनिटात हॉल लख्ख. ‘किती सोय आहे ना!’ असे एका नातेवाईक बाई मला म्हणाल्या. सोय आहेच. आता ते गाठोडे सकाळी कोण उघडते ते पाहा.

आमच्या इमारतीत कचरा न्यायला येणाऱ्या ताई ‘स्वच्छ’च्या सभासद आहेत. पुण्यात 1993 साली कचरावेचकांची संघटना उभी राहिली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, डॉ. बाबा आढाव तिच्या उभारणीत होते. उकिरड्यावर भंगार वेचणाऱ्या या बायकांना कामगार म्हणून ओळख मिळावी यासाठी ती होती. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था निघाली आणि 2008 मध्ये महापालिकेशी करार होऊन या बायका घरोघरी जाऊ लागल्या. त्यांना महापालिकेचा पगार नाही. घरटी महिन्याला जे पैसे आपण देतो ते, आणि सुका कचरा विकून जे येते ते, हीच कमाई. म्हणजे ईदचा मिठाईचा खोका, सरबताची बाटली, कपड्यांचे पुठ्ठे हे ताईंच्या दृष्टीने दोन-चार रुपये आहेत. कोरडे असतील तरच. रायत्यात भिजलेल्या पुठ्ठ्याला भंगारवाला काही देत नाही. चमकदार वेष्टनांना तर कोरडी असूनही भाव नाही.

एका बासी ईदला ताईंचे बोट चिंधीने बांधलेले होते. कुठल्यातरी घराच्या गाठोड्यात फुटलेल्या बांगड्या होत्या. चाँदरातीला चुड्या भरताना दोन-चार फुटतातच, ते तुकडे भाताबरोबर गेले होते. ताई चिडल्या नव्हत्या. “मॅडम, काच नि हाडं वेगळी बांधत जा म्हणावं सगळ्यांना. हाताला लागतात,” एवढेच म्हणाल्या आणि पुढच्या मजल्यावर गेल्या. त्यांची ईद नव्हती, सुट्टीही नव्हती. गणपती विसर्जनाला नदीकाठी निर्माल्य गोळा करायला याच बायका उभ्या असतात, दिवाळीनंतर फटाक्यांचा कचरा हाच हात उचलतो. सगळ्या धर्मांच्या बासी सणांत त्या असतात.

ओला आणि सुका वेगळा करा, हे केंद्राच्या नियमांतही आहे. थर्माकोलच्या ताटल्या आणि प्लास्टिकच्या पिशव्यांवर महाराष्ट्रात मार्च 2018 मध्ये बंदी आली. मग 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर देशभर आली. नियम आहेत. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी आपल्या शहराचा मिसळलेला कचरा दारात पडतो म्हणून किती वेळा गाड्या अडवल्या, हेही आपण पेपरात वाचलेले आहे. पण मला नियमापेक्षा ते चिंधी बांधलेले बोट आठवते. आपण तहारतीचे इतके मसले शिकतो, वजूच्या पाण्याचा थेंबही मोजतो. आणि आपला हॉल पाक करून नापाकी दुसऱ्याच्या हातात देतो, तीही गाठ मारून.

आमच्या कागदावर त्यामुळे एक विसावे काम वाढले. हाडे वेगळी, वर्तमानपत्रात. काच वेगळी, वर ‘काच’ लिहून. बाळांचे डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका. ही खूण ‘स्वच्छ’नेच सुरू केली आहे, म्हणजे उघडून पाहावे लागत नाही. दस्तरखान कापडाचा, दोन आहेत, जोडून अठ्ठावीस माणसे बसतात. आणि ताईंची ईदी ईदच्याच सकाळी, शीरखुर्म्याच्या डब्याबरोबर. महिन्याच्या पैशांत मिळवून नाही.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. ‘माझा आवडता सण’ हा निबंध दरवर्षी असतो आणि तो दरवर्षी सारखाच असतो: नवे कपडे, अत्तर, शीरखुर्मा, ईदी. मागे आठवीला मी विषय बदलून दिला, ‘ईदचा दुसरा दिवस’. मुलींनी दीड-दोन पाने लिहिली. एकीने लिहिले, त्या दिवशी माझ्या अम्मीचा आवाज बसलेला असतो. मुलांची पाने अर्धी रिकामी. एकाचे वाक्य असे होते: ‘दुसऱ्या दिवशी घर आपोआप साफ होते.’ व्याकरण बरोबर होते. मी फक्त ‘आपोआप’ या शब्दाखाली रेघ मारली आणि घरी विचारून ये म्हणाले. तिसऱ्या दिवशी तो एक यादी घेऊन आला, अम्मीने सांगितलेली, त्याने लिहिलेली. बावीस कामे होती, आमच्या घरापेक्षा दोन जास्त. त्यात एक होते, ‘अब्बांचे पांढरे कपडे भिजवणे, अत्तराचा डाग काढणे’. त्या डागाचा उपाय मुलाने मला विचारला, आणि तो मला ठाऊक नव्हता. कुणा वाचक भगिनीला माहीत असल्यास जरूर कळवावे.

बकरी ईदचे काम वेगळे. आमची कुर्बानी घरी होत नाही; हिस्सा बाहेर असतो आणि गोश्त घरी येते. तरी तीन वाटे करायचे, पोचवायचे, फ्रिज आधीच रिकामा करून ठेवायचा. रक्ताचा डाग थंड पाण्यानेच काढायचा. गरम पाण्याने तो कापडात पक्का बसतो. फरशी आधी थंड पाण्याने, मग गरम पाण्याने आणि साबणाने. पूर्वी मदरशाचे लोक चामडी न्यायला दारोदार येत, आता भाव उतरल्यापासून फेऱ्या कमी झाल्या आहेत. तेव्हा ज्यांच्याकडे कुर्बानी होते त्यांनी चामडे, आतडी यांची सोय आधी ठरवावी, मग बोकड ठरवावा. मिना येथे हाजींच्या कुर्बानीचे इतके मांस पूर्वी पुरावे लागे, की सौदी सरकारने 1983 मध्ये ते साठवून गरीब देशांत पाठवण्याची व्यवस्थाच उभी केली. कुर्बानीच्या नंतरची तयारी हीदेखील कुर्बानीची तयारी आहे, एवढा मोठा पसारा आवरणाऱ्यांनी ते ओळखले. 29 जून 2023 ला बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली, तेव्हा महाराष्ट्रात कितीतरी गावांतल्या मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी न करता पुढच्या दोन दिवसांत केली. तीन दिवसांची मुभा आहेच. वेळ आणि जागा पाहून वागायला दीनने कुठे अडवले आहे?

कागद आता तिसऱ्या वर्षी फ्रिजवर आहे. हॉटेलचा विषय पुन्हा निघाला नाही. मोठे नंदोई पहिल्या वर्षी ‘मला दुकान उघडायचे आहे’ म्हणून पळाले होते, त्यांनी गेल्या वेळी बाथरूम घेतले, जे कुणी घेत नव्हते. दिरांनी तक्के सोडून ताटांवर नाव लिहिले आहे; कोरड्यातून ओल्यात आले, एवढे मी नोंदवून ठेवले आहे. नातसुनांपैकी धाकटीचे दिवस भरत आले आहेत, तिच्यासमोर यंदा मुद्दाम काहीच लिहिलेले नाही. पेले धाकट्या नंदोईंकडेच आहेत आणि अम्मी ते अजूनही रात्री एकदा विसळतात की नाही, हे मी उठून पाहत नाही.

देगेच्या समोरची जागा मात्र रिकामी आहे. मुलांनी दोनदा नाव लिहिले, दोनदा ते खोडलेले सापडले. मोरीतल्या पाटाच्या जागी आता उंच चौरंग आहे, त्यावर देग ठेवतात, समोर खुर्ची. यजमान पाणी ओततात, धाकटी भाची नारळाची शेंडी हातात देते. बाकी कुणाला अम्मी हात लावू देत नाहीत.